पिवळी वायर

वलीने हँडल डावीकडे शेवटपर्यंत वळवले आणि दिवा विझला. त्याने ते सरळ केले. दिवा पुन्हा लागला. दुकानाच्या मागच्या भिंतीवर, सकाळी अकराच्या उजेडात, तो दिवा म्हणजे एक फिकट डाग होता, असून नसल्यासारखा, आणि तरीही वलीने तीच क्रिया तीन वेळा केली: डावीकडे, सरळ, डावीकडे. इंजिन एकसारखे चालू होते. त्याच्या आवाजात कणभरही फरक पडला नाही. "बघितलं का सर," वली म्हणाला, "दिवा गेल्याचा गाडीला पत्ताच न्हाई." मी पाहिले होते. पाहताक्षणी मला कळलेही होते, आणि कळण्याच्या या तत्परतेचा मला आयुष्यात पहिल्यांदा तिरस्कार वाटला. माणसाला एखादी गोष्ट समजायला थोडा वेळ लागावा. तेवढ्या वेळात तो निदान निरपराध असतो.

गाडी माझ्या धाकट्या भावाची, सुदर्शनची. एकवीस वर्षांची, शंभर सीसीची. तेरा महिन्यांपूर्वी संध्याकाळी, ओझरच्या अलीकडे कालव्यापाशी गाडी अगदी मोडून डावीकडे घ्यावी लागते त्या वळणावर, तो हिच्यावरून फेकला गेला आणि कठड्यावर डोके आपटून जागीच संपला. गेलेल्या माणसाची गाडी वर्षश्राद्ध होईपर्यंत सुरू करायची नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. तो कोणत्या ग्रंथात आहे हे मला कोणी विचारले नाही. घरात एक ग्रंथ जाणणारा माणूस असणे पुरेसे असते, त्याला विचारावे लागत नाही. वर्षभर गाडी कांद्याच्या चाळीत गोणपाटाखाली उभी राहिली. आता ती चालू करायची होती, कारण सुदर्शनच्या बायकोला, स्नेहलला, तळेघरच्या भागात आरोग्यसेविकेची नोकरी लागली होती. तिकडे भाताची खाचरे आणि नाचणीचे उतार, एसटी दिवसातून एखादी, एरवी पायपीट, आणि भर दुपारी दिवा लावावा लागेल असे धुके. सोमवारी ती हजर होणार होती. "दिवा तेवढा नीट बघून घ्या, दादा," इतकेच ती मला म्हणाली होती. म्हणून मी पुण्याहून आलो आणि शनिवारी गाडी जुन्नरला वलीकडे आणली. वली साठीचा, सुदर्शनचा दोस्त आणि मिस्त्री. गाडी घेतल्यापासून हिच्या वायरिंगला आपल्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही, असे तो अभिमानाने सांगत असे. हे विधान अर्ध्या तासात खोटे ठरायचे होते.

माझा धंदा चुका शोधण्याचा आहे. पुण्यातल्या एका संस्थेत मी जुन्या हस्तलिखितांच्या प्रती ताडून पाहतो: कोणत्या लेखनिकाची चूक कोणत्या प्रतीत उतरली, ती पुढे किती जणांनी इमानेइतबारे नकलली, आणि मुळात काय असावे. चुकीला जन्मस्थळ असते, वेळ असते, बहुधा एक हातही असतो, असे मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवत आलो. त्याच शिस्तीला जागून मी सुदर्शनच्या तेराव्याला निकाल दिला होता. अंगणात पावणे बसले होते. हौशीराममामा, आईचे धाकटे भाऊ, म्हणाले, "तू शिकलेला, बाबा. तूच सांग, कसं झालं हे." आणि मी सांगितले. गाडी गवतात पडलेली सापडली तेव्हा इंजिन चालू होते आणि दिवा पेटलेला होता. त्या दिव्यामुळेच तर लांबून लोकांना जागा कळली, आणि पहिले पोचलेले स्वतः मामाच होते. पुढे सरकारी निरीक्षकाने गाडी उभी करून तपासली, दिवा सुस्थितीत असे लिहिले. शवविच्छेदनात पोटात थोडी दारू निघाली. "गाडीत दोष नव्हता," मी म्हणालो, "पोटात दारू होती आणि डोक्यात राग होता. दोन्ही एकत्र आले की दिव्यातही वळण दिसत नाही." वाक्य बांधेसूद होते. लोकांनी माना हलवल्या. राग कशाचा हे सर्वांना ठाऊक होते: त्या संध्याकाळी स्नेहलला नोकरीचा अर्ज भरायचा होता, त्याला ते नको होते, आणि वाढलेले ताट सरकवून तो उठला तेव्हा ती "मग जा" म्हणाली होती. हे दोन शब्द आईने ओसरीवरून ऐकले होते. दारू महिनाभरात माफ झाली, पुरुषाची दारू आमच्याकडे नेहमीच माफ होते. राहिला राग, आणि त्या रागाची धनीण घरातच होती. त्या दिवसापासून आईने तिच्या हातचा पाण्याचा थेंब घेतला नाही. एका स्वयंपाकघरात दोन शेगड्या, दोन हंडे, दोन पिठाचे डबे. तेरा महिने आई तिच्याशी बोलली नाही. स्नेहलने कधी प्रतिवाद केला नाही, आणि तिच्या या मौनाला मी पुण्यात बसून समजूतदारपणा असे नाव दिले होते.

वलीने इंजिन बंद केले, दिव्याचा डूम उतरवला, टाकी काढून भिंतीला टेकवली. हँडलच्या मानेपाशी, जिथून सगळ्या वायरींचा जुडगा पुढे जातो, तिथे त्याने बॅटरीचा झोत मारला आणि बोटाने जुडगा चाचपला. मग म्हणाला, "हे कोनी बांधलं?" जुडग्याभोवती लोखंडी तारेचा एक वेढा होता, टोमॅटोच्या मांडवाला वापरतात ती तार, गंजून तांबूस झालेली. पकडीने दिलेले चार पीळ, आणि पिळाचे टोक आत वळवून दाबलेले, कोणाच्या हाताला लागू नये म्हणून. पिळात झेंडूचा एक वाळका देठ अडकला होता. "दसऱ्याची माळ," वली म्हणाला. "लोक सुतळीनं बांधत्यात, दोऱ्यानं बांधत्यात. तारेनं कोन बांधतं राव? आन् बांधली तर बांधली, फुलं काढताना तार बी काढायची व्हती." हँडल डावीकडे गेले की ते आत दाबलेले टोक जुडग्यात रुतत होते. तिथली टेप फाटली होती, तिच्याखाली एका पिवळ्या वायरीवरचे प्लॅस्टिक कापले गेले होते, आणि उघडे पडलेले तांबे हिरवट झाले होते. "ही पिवळी इंजिनातल्या मॅग्नेटोवरनं दिव्याला करंट आनती," वली बोटाने दाखवत गेला. "तार लागली की करंट बॉडीत पळतो. फ्यूज उडत न्हाई, इंजिन बंद पडत न्हाई, नुसता दिवा जातो. हँडल सरळ केलं की आला परत." त्याने वर पाहिले. "डावं वळन व्हतं ना सर ते?"

"हो."

"पडताना हँडल उलटं फिरलं आसंल. म्हनून गवतात दिवा चालू." त्याने बॅटरी विझवली आणि खाली फरशीवर बसला. "लई वंगाळ झालं. आमी उगाच बोललो त्याला. मी बी बोललो. इथंच, चहा पीत बोललो, पिऊन मेला म्हनून." मग पुन्हा, जरा हळू, "कोनी बांधली तार, सर?"

"घरच्यांनी," मी म्हणालो. हे खोटे नव्हते. मी घरचाच आहे.

अपघाताच्या आधीचा दसरा. अंगणात ट्रॅक्टर, फवारणीचा पंप आणि ही मोटारसायकल ओळीने धुऊन उभी. यंत्रांना हळदकुंकू लावण्याच्या विधीकडे मी नेहमी थोडे अंतर राखून पाहत आलो. त्या अंतराला मी अभ्यास म्हणतो. आई म्हणाली, थोरल्याच्या हातानं माळ बांधू द्या. दोरा ओला होता, दोनदा तुटला. मला दुपारची गाडी पकडायची होती. मांडवाच्या सामानातून मी हातभर तार घेतली, पकड घेतली, आणि बसलो. सुदर्शन शेजारी उभा राहून हसत होता. "दादा, माळ बांधतोय का म्हैस?" मी म्हणालो, काम करायचे तर नीट करावे. आणि मी ते नीट केले. चार पीळ दिले, टोक आत दाबले, वरून बोट फिरवून पाहिले. दुसऱ्या दिवशी फुले ओरबाडून काढणाऱ्याला तार दिसलीही नसेल, इतके ते काम नीट होते. आयुष्यभर ज्याच्या हातून एक खिळा सरळ ठोकला गेला नाही, त्याच्या हातून घडलेले हे एकमेव टिकाऊ काम. त्यानंतर दोन आठवड्यांनी सुदर्शनचा फोन आला होता, कांद्याच्या रोपाबद्दल की कशाबद्दल, बोलता बोलता म्हणाला, "दिवा मधनंच डोळा मारतोय, दादा." माझ्यासमोर मुद्रिते पसरलेली होती. मी म्हणालो, वलीला दाखव. "दाखवतो की, एवढा तोडा उरकू दे." चार दिवसांनी तो गेला. हे संभाषण मी विसरलो नव्हतो, ही त्यातली गंमत. तेराव्याला निकाल देताना ते मला स्पष्ट आठवत होते. पण दिवा पेटलेला सापडला होता, निरीक्षकाचा लेखी पुरावा होता, आणि लेखी पुराव्यापुढे मेलेल्या माणसाचे तोंडी वाक्य मी ग्राह्य धरत नाही.

"धरा जरा, सर. तानू नका," वली म्हणाला, आणि मी जुडगा दोन बोटांत धरला. जुन्या टेपचा चिकट काळा लेप बोटांना लागला. त्याने तारेचा वेढा कापला, पिवळ्या वायरीचा खराब तुकडा कापून काढला, दोन्ही टोके दातांत धरून सोलली. तांबे खालपर्यंत हिरवे होते. तो आणखी मागे गेला, लखलखीत तांबे लागेपर्यंत. मधे नव्या वायरीचा तुकडा घेऊन त्याने पीळ दिला, वर कथील वितळवले. धुराचा गोडसर, घशात बसणारा वास आला. मग त्याने आधीच ओवून ठेवलेली काळी नळी सांध्यावर सरकवली आणि खालून लायटर फिरवला. नळी आक्रसत आक्रसत सांध्याला अशी बिलगली की जणू तिथे कधी काही घडलेच नव्हते. बाकीच्या वायरींचे प्लॅस्टिकही तो नखाने दाबून पाहत होता, तडकलेले दिसेल तिथे नळी चढवत होता. शेवटी टेप, खालून वर, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवत. "वरनं पानी उतरलं तरी शिवनीत शिरत न्हाई," त्याने सांगितले. चाळीस मिनिटे लागली. मी घड्याळ पाहिले, कारण पाहण्यासारखे दुसरे काही नव्हते. एवढेच होते: वीतभर वायर, बोटभर नळी, चाळीस मिनिटे. माणसाचे मरण निदान त्याच्या आकाराचे तरी असावे, ही अपेक्षा मी कोठून उचलली असेन देव जाणे, बहुधा पुस्तकांतून. वलीने हँडल डावीकडे वळवले. दिवा राहिला. कापलेली तार त्याने माझ्या तळहातावर ठेवली. "टाकून द्या. रस्त्यात पडली तर कुनाच्या टायरात जाईल."

ती मी आईसमोर ठेवली. आई, ठकूबाई, ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. वाटेतले पंचवीस किलोमीटर मी वाक्य तयार करत आलो होतो आणि ते चांगले झाले होते, म्हणून मी ते वापरले नाही. "आई, सुदर्शन दारूनं गेला नाही, रागानंही नाही. स्नेहलचा काही संबंध नाही. दिवा गेला. मी दसऱ्याला बांधलेल्या या तारेनं गेला." तिने तारेकडे पाहिले, हात लावला नाही. "दिवा तर चालू व्हता. हौशीरामानं डोळ्यानं बघितलाय. तूच म्हनला व्हतास." मी तिला समजावून सांगितले. शेंगांची टरफले मांडून हँडल दाखवले, वायर दाखवली, वळण दाखवले. याहून कठीण गोष्टी मी याहून कठीण लोकांच्या गळी उतरवल्या आहेत. तिने सगळे ऐकले, एकदाही मधे बोलली नाही, आणि शेवटी टरफले हाताने एकत्र लोटत म्हणाली, "तू ल्हानपनापासनं असाच. त्यानं दूध सांडलं तरी म्हनायचास, मी सांडलं."

"ते सुदर्शन म्हणायचा, आई. सांडायचो मी."

"तुला काय आठवतंय." मग तिने स्वयंपाकघराकडे पाहून आवाज उतरवला. "तिनं रडून सांगितलं आसंल तुला. जायचंय ना तिला हलक्या अंगानं. जाऊ दे. पर माझ्या एका पोराच्या मरनाचं खापर मी दुसऱ्या पोराच्या डोक्यावर फोडू देनार न्हाई. घे, शेंगा खा."

तिला दोन मुलगे होते, एक उरला होता. उरलेल्याला वाचवायचे तर दोष ठेवायला दुसरी जागा हवी, आणि ती जागा तेरा महिन्यांपूर्वी मीच तिला नेमून दिली होती. हे इतके सरळ होते की कोणत्याही वाचकाला दिसावे. त्याहून वाईट गोष्ट मला नंतर दिसली: आई हे मान्य करणार नाही, हे मला सांगण्यापूर्वीच माहीत होते. ज्या न्यायासनाकडून सुटका ठरलेली आहे, नेमके तेच मी कबुलीजबाबासाठी निवडले होते.

स्नेहल मागच्या दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती अंगणात गाडीपाशी गेली आणि म्हणाली, "चालू करा, दादा. दाखवा मला." मी किक मारली. तिने स्वतः हँडल डावीकडे वळवले, शेवटपर्यंत, आणि उन्हात दिवा दिसेना म्हणून काचेसमोर तळहात धरला. तळहातावर उजेड होता. "मी जा म्हटलं म्हणून ते गेले," ती म्हणाली. "हे मान्य करायला मला सहा महिने लागले. उपास केले मी त्यासाठी. आणि तुमच्याकडं तार निघाली."

"आता ते मनातून काढ," मी म्हणालो. इतके निरर्थक वाक्य मी कोणाच्या प्रबंधातही खपवून घेतले नसते.

"तेराव्याला तुम्ही पावण्यांसमोर बोलला होता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आता आईंना एकट्यांना गाठून काय सांगता? पावण्यांसमोर सांगा. त्यांनी ऐकलं तर आई ऐकतील. माझ्या हातचं एकदा पाणी पिऊ दे त्यांना, मग मी जाते."

म्हणून रविवारी मी हौशीराममामांना आणि तेराव्याला बसलेल्या आणखी पाच-सहा जणांना बोलावले. ते आले, त्याच अंगणात बसले. आई ओसरीवर, स्नेहल दारात. तिने पाण्याचा तांब्या भरून शेजारी ठेवला होता. मी उभा राहून सांगितले: तार, पीळ, पिवळी वायर, फोनवर त्याने सांगितलेली तक्रार, मी तिचे काय केले, आणि याच जागी मी काय बोललो होतो. काही लपवले नाही. मग मामा उठले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला त्यांचे डोळे भरलेले दिसले. "भावजयीसाठी एवढं अंगावर घेतलंस," ते म्हणाले. "आमच्या बहिणीचं पोट धन्य झालं."

"मामा, मी अंगावर घेत नाही. ते माझंच आहे."

"हेच, हेच मोठेपन." त्यांनी इतरांकडे पाहिले. माना हलल्या, तेराव्याला हलल्या होत्या तशाच. मी म्हणालो, वलीला विचारा. एक जण हसून म्हणाला, "वली काय, सुदर्शनचा दोस्त. तुमी सांगाल ते बोलंल तो, सर." मी तार पुढे केली, ती हातोहात फिरली, सर्वांनी प्रसादासारखी पाहिली आणि परत दिली. मी जितके नाकारत गेलो तितका माझा त्याग वाढत गेला. ऐकणाऱ्यांना जो पाठ हवा असतो तोच टिकतो, मूळ कोणताही असो. या विषयावर माझा एक निबंध आहे आणि तो बराच वाखाणला गेला. मी आवाज चढवला. एखाद्या शब्दाने तरी ते चिडावेत म्हणून मी स्वतःला खुनी म्हणालो. मामांनी मला बसवले आणि आईला म्हणाले, "आक्का, पोराला पानी दे." आई उठली, आपल्या हंड्यातले पाणी घेऊन आली. दारातला तांब्या दारातच राहिला. स्नेहलने थोड्या वेळाने तो उचलून तुळशीत ओतला.

सोमवारी पहाटे तिने पिशव्या गाडीला बांधल्या, सुतळीने. "येते, आई," म्हणाली. आईने भिंतीकडे तोंड केले. मला ती काही म्हणाली नाही. फक्त निघताना एकदा हँडल डावीकडे वळवून पाहिले. त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर दोघा अनोळखी माणसांनी मला बसायला जागा दिली. नारळाच्या दुकानातल्या बाईने माझ्याकडे बोट दाखवून शेजारणीला काहीतरी सांगितले आणि दोघींनी हात जोडले. मी पुण्याला आलो, टेबलाशी बसलो, एका अडाणी लेखनिकाच्या चुका लाल शाईने खुणावू लागलो. त्याने त्या मुद्दाम केल्या नव्हत्या. त्याला त्या कोणी माफही केल्या नव्हत्या, याचा मला हेवा वाटला.

गुरुवारी दुपारी स्नेहलचा फोन आला. तळेघरला खोली मिळाली, वाड्या लांब आहेत, गाडी बरी चालते, असे तिने सांगितले. मग म्हणाली, "इथल्या मोठ्या सिस्टर अवसरी बुद्रुकच्या, आपल्याच भागातल्या. त्यांच्या कानावर आलंय, दादा."

"काय आलंय?"

"हेच. म्हणाल्या, असा दीर मिळायला नशीब लागतं."

फोनमध्ये वारा घोंघावत होता. ती बोलायची थांबली आहे की आवाज तुटतो आहे, हे मला कळेना. मी विचारले, "मग तू काय म्हणालीस?"

"नव्या जागी काय म्हणणार," ती म्हणाली. "मी म्हटलं, हो, लागतं."